मक्याची भाकरी आणि माया लोकांचं देवक

"ह्या घ्या तुमच्या भाकऱ्या," म्हणत सोनाक्कानं वेताची बुट्टी हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवली. टेबलावर नवं टाइमटेबल पसरलेलं होतं, ते भाकऱ्यांखाली गेलं. "पोरं शिवंनात. कालच्या बी हायत, आजच्या बी हायत. शाळेच्या चेअरमनच्या म्हशीनं आन येका पोरानं खाल्ल्या तेवढ्याच संपल्या."

सोनाक्का म्हणजे आमच्या शाळेच्या बोर्डिंगची स्वयंपाकीण. बोर्डिंग म्हणजे शाळेमागची पत्र्याची लांबलचक खोली. तासगाव आणि सांगली यांच्या मधल्या त्या गावात आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची मुलं शिकायला येत. ज्यांना रोज चालत येणं शक्य नसे ती या पत्र्याखाली राहत. मी त्या हायस्कुलात हिस्ट्री-जॉग्रफी शिकवायला होतो. मूळचा साताऱ्याचा आणि नवाकोरा बी.टी., म्हणजे शिकवायचं कसं याचं शिक्षण घेतलेला. हे शिक्षण घेतलं की माणसाला शिकवता येतं असा सरकारचा समज होता, आणि माझाही.

लढाई संपली होती, रेशन संपलं नव्हतं. बाजारातला शाळू, म्हणजे भाकरीची ज्वारी, दिसेनासा झाला होता आणि त्याच्या जागी सरकारनं अमेरिकेहून मका आणला होता. पिवळाधमक, घोड्याच्या दाताएवढा एकेक दाणा. आमच्या बोर्डिंगचा सगळा कोटा या मक्यात आला. कोटा म्हणजे महिन्याला किती धान्य मिळणार ते सरकारनं ठरवलेलं माप. ते घ्यायचं की नाही हे आपण ठरवायचं नसतं.

"जोशी, मुलं मका का खात नाहीत?" हेडमास्तरांनी मला विचारलं.

"सर, ती म्हणतात, मका जनावरं खातात."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"हेडमास्तरांना विचारून सांगतो म्हणालो."

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. अडचण आली की ते चष्मा पुसत, त्यामुळे त्यांचा चष्मा नेहमी स्वच्छ असे. "सप्लाय इन्स्पेक्टर काल येऊन गेला," ते म्हणाले. "या महिन्याचा मका तसाच पडून राहिला, तर तुम्हाला धान्याची गरज नाही असं तो वर लिहिणार. कोटा बंद, म्हणजे बोर्डिंग बंद."

"मॅट्रिक तोंडावर आलीय, सर."

"म्हणूनच तुम्हाला बोलावलं. मका अमेरिकेतून येतो. अमेरिका जॉग्रफीत येते. जॉग्रफी तुमच्याकडे. तेव्हा मुलांना मका खायला लावणं हे काम तुमचं."

या तर्कात चूक काढण्याइतकी माझी नोकरी पक्की झालेली नव्हती.

बोर्डिंग बंद पडलं तर काय होणार ते सांगायला कुणा शहाण्याची गरज नव्हती. मुलं पोतं-वळकटी घेऊन घरी जाणार, बाप म्हणणार, आलाच आहेस तर पिकाला पाणी धर, आणि पाणी धरता धरता मॅट्रिक निघून जाणार. मॉनिटर दत्तूचं तर तेच होणार होतं. खानापूरकडच्या एका वस्तीवरचा हा मुलगा. वडील पलटणीतून परत आलेले हवालदार. घरात मराठी चौथीच्या पुढे गेलेला हा पहिलाच. गणित असं करायचा की गणिताचे मास्तर त्याच्याकडे पाहून उत्तर पडताळून घेत. तो पास होणार याबद्दल मला शंका नव्हती. असं मी फार थोड्या मुलांबद्दल म्हणू शकतो. दत्तू माझा लाडका होता आणि मी ते लपवत नसे.

शाळेच्या कपाटात जगाच्या इतिहासाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. कुणीतरी देणगी दिलेलं, म्हणजे घरात जागा नव्हती म्हणून पाठवलेलं. त्यात माया, आझटेक आणि इंका या अमेरिकेतल्या तीन जुन्या संस्कृतींची माहिती सापडली. तिन्हींचं मुख्य धान्य मका. मला हायसं वाटलं. ज्यांनी एवढी शहरं उभी केली ते मका खात होते हे कळलं की मुलं आपोआप भाकरी मोडतील असा माझा हिशोब होता.

ट्रेनिंग कॉलेजात आमच्याकडून एक सूत्र घोकून घेतलं होतं: ज्ञाताकडून अज्ञाताकडे. मुलाला जे माहीत आहे तिथून सुरुवात करायची आणि त्याचा हात धरून त्याला माहीत नसलेल्या ठिकाणी न्यायचं. या प्रश्नाला मला चांगले मार्क होते. आपण धरलेला हात मुलगाही ओढू शकतो, हे मात्र त्या सूत्रात कुठे लिहिलेलं नव्हतं.

पहिला धडा माया लोकांचा. मी फळ्यावर पायऱ्यापायऱ्यांचं उंच देऊळ काढलं, आणि प्रमाण कळावं म्हणून त्याच्या शेजारी आमचं बोर्डिंग काढलं. हे लोक शून्य लिहीत, ग्रहण कधी लागणार ते आधी सांगत, असं सगळं सांगितलं. त्यांची ती शहरं आता जंगलात ओसाड पडलीत हेही सांगितलं. मग माझा हुकमाचा पत्ता काढला, त्यांची माणूस कसा झाला याची गोष्ट.

देवांनी आधी चिखलाचा माणूस केला. तो पावसात विरघळला. मग लाकडाचा केला. तो चालायचा, बोलायचा, पण त्याला आठवण नव्हती की समज नव्हती.

"म्हंजी मॅट्रिक नापास," मागच्या बाकावरून आवाज आला.

मी दुर्लक्ष केलं. शेवटी देवांनी मका दळला, पीठ मळलं आणि त्या पिठाचा माणूस केला. तो मात्र जमला.

"सर, सगळी माणसं मक्याचीच?" दत्तूनं उठून विचारलं.

"सगळी."

"तिकडचीच का हिकडची बी?"

"देवानं माणूस एकदाच केला रे. मग सगळी त्यातलीच."

"म्हंजी आमी बी."

"तूही, मीही आणि हेडमास्तरही," मी म्हणालो.

वर्ग एकदम शांत झाला. शिक्षकाच्या नोकरीत अशी शांतता क्वचित मिळते. धडा पोचल्याची ती खूण आहे असं समजून मी खडू खाली ठेवला.

संध्याकाळी मी मुद्दाम बोर्डिंगवर गेलो. मुलं पंगतीला बसली होती. सोनाक्कानं प्रत्येकाच्या ताटात पिवळी भाकरी ठेवली. मुलांनी भाकरीला हात जोडले, भाजी तेवढी खाल्ली आणि उठली. कोपऱ्यात मक्याची पोती होती. पुढच्या पोत्याला हळदकुंकू लावलेलं होतं आणि वर एक जास्वंदीचं फूल होतं.

"हे काय चाललंय?" मी दत्तूला विचारलं.

"सर, मका आपलं देवक झालं की," दत्तू म्हणाला. माझ्याच वर्गात शिकलेली गोष्ट मला कशी ठाऊक नाही याचं त्याला नवल वाटलं असावं.

आमच्या घरी देवक म्हणजे लग्नाआधी बसवतात ते. कार्य झालं की उठवतात आणि विषय संपतो. या मुलांच्या घरचं देवक उठत नाही. प्रत्येक कुळाचं एखादं झाड, वेल किंवा पाखरू ठरलेलं असतं. त्याला कुळाच्या मूळपुरुषाचा मान. ज्यांचं देवक कळंब त्यांनी लग्नाच्या डहाळीखेरीज कळंब तोडायचा नाही, जाळायचा नाही, तोंडात घालायचा नाही. आणि एका देवकाची माणसं सगळी भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक जमत नाही. दत्तूनं हे सगळं मला टप्प्याटप्प्यानं समजावून दिलं, बी.टी. नसतानाही. पहिला भाग ऐकूनच मी डोकं धरलं, त्यामुळे दुसऱ्याकडे माझं लक्ष गेलं नाही.

"अरे, पण ते माया लोक स्वतः मका खात होते," मी म्हणालो.

"आन त्येंची शहरं आता कशी हायत, सर?"

"ओसाड."

"मग?" दत्तू म्हणाला, आणि ताट धुवायला निघून गेला.

अपवाद एकट्या नेमगोंडाचा, तो सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा. पहिल्या दिवसापासून तो निवांत भाकरी खात होता, आणि आताही "आमच्यात देवक न्हाई, सर," म्हणत खातच राहिला. आधी त्याला बाकीचे म्हशीच्या पंगतीचा म्हणून चिडवत. आता तो मूळपुरुषाचे लचके तोडतोय अशा नजरेनं त्याच्याकडे बघत. त्याचा त्याच्या भुकेवर काही परिणाम झाल्याचं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी दोनदा चष्मा पुसला. "जोशी, परवापर्यंत मका जनावरांचा होता. तुमच्या एका पिरियडमध्ये तो देवांचा झाला. मध्ये माणसाचं ताट लागतं ते तुम्हाला दिसलं नाही?"

"सर, जरा वेग जास्त झाला."

"निदान म्हैस तरी खात होती. आता सोनाक्का दळत सुद्धा नाही."

सोनाक्का दाराशीच उभी होती. "आवं मास्तर, ज्येच्यापास्नं माणूस केला त्ये जात्यात घालू व्हय मी? कुठं फेडू त्ये पाप?"

मुलं आता भाजी, आमटी आणि घरून आलेली शिदोरी यांवर राहत होती. शिदोरी संपत आली होती. रात्रीच्या अभ्यासाला मुलं पाणी पिऊन बसत. याचा दोष मी माया लोकांना देऊ शकत नव्हतो.

म्हणून दुसरा धडा मी आझटेक लोकांचा घेतला. आझटेक म्हटलं की सगळी पुस्तकं नरबळीनं सुरू होतात. मी तो भाग गाळला. परिस्थिती होती त्यापेक्षा आणखी बिघडवायची माझी इच्छा नव्हती. मी सांगितलं ते एवढंच, की हे लोक सणाला राजगिऱ्याच्या पिठाची देवाची मूर्ती करत, पूजा करत आणि मग तीच मूर्ती मोडून सगळ्यांना वाटत, आणि लोक ती खात.

"राजगिरा? उपासाचा लाडू करत्यात त्यो?" पुढच्या बाकावरच्या शंकरनं विचारलं.

"तोच."

"म्हंजी देवच खायाचा?"

"प्रसाद म्हणून. देवाला नैवेद्य दाखवून तुम्ही काय करता?"

"खातो की."

"प्रसाद नको म्हणता?"

"न्हाई. पाप लागतं."

"मग झालं तर," मी म्हणालो. मी स्वतःवर फार खूष होतो. मुलांना पटलं. सोनाक्काला पटलं. संध्याकाळी जात्याचा आवाज आला तेव्हा मी हेडमास्तरांना निरोप पाठवला की काम फत्ते.

पंगत बसली. सोनाक्कानं भाकरी पोत्यापुढे ठेवली, मुलांनी हात जोडले. मग दत्तू उठला. त्यानं त्या एका भाकरीचे चिमूट चिमूट तुकडे केले आणि एकेकाच्या उजव्या तळहातावर ठेवले. मुलांनी ते कपाळाला लावले, तोंडात टाकले आणि हात डोक्यावरून फिरवला. सबंध बोर्डिंगात मिळून एक भाकरी संपली.

"अरे, बाकीच्या खा की," मी म्हणालो.

"परसाद पोटभर खात्यात व्हय, सर?" दत्तूनं विचारलं.

या प्रश्नाला ट्रेनिंग कॉलेजात उत्तर दिलेलं नव्हतं. नेमगोंडानं तेवढ्यात आपली दुसरी भाकरी ओढली होती. प्रसादावर ताव मारणारा म्हणून आता त्याची आणखी बदनामी झाली.

तिसऱ्या धड्याची आयडिया माझी नव्हती, हे मी नमूद करू इच्छितो. सप्लाय इन्स्पेक्टर पुन्हा येणार असं कळल्यावर हेडमास्तर म्हणाले, "त्याच्यासमोर धडा घ्या. आपण प्रचार करतोय हे त्याला दिसू दे. आणि सरकारविषयी काहीतरी चांगलं येऊ दे त्यात."

इन्स्पेक्टरला खुर्ची दिली, चहा दिला. तो गुबगुबीत, हसतमुख गृहस्थ होता. त्या टंचाईच्या दिवसांत गुबगुबीत माणूस पाहिला की लोक दोनदा पाहत. मी इंका घेतले. डोंगरातून बांधलेले रस्ते, रस्त्यांवर सरकारी कोठारं, कोठारांत मका. दुष्काळ पडला की राजा कोठारं उघडी करी आणि कुणाला उपाशी राहू देत नसे. इन्स्पेक्टरनं मान डोलावली. हेडमास्तरांनी चष्मा पुसला नाही.

"त्येंच्या रेशनला कार्ड व्हतं का, सर?" शंकरनं विचारलं.

"कार्ड नव्हतं. त्यांना लिहिता येत नसे. दोऱ्यांना गाठी मारून हिशोब ठेवत. गाठींवरून कळे, कोठारात किती आलं आणि किती गेलं. गाठी मारायला खास अधिकारी असत."

"आन गाठी मारणाऱ्यानंच मधल्यामधी मका खाल्ला तर?"

प्रश्न विषयाला धरून होता. पुस्तकात त्याचं उत्तरही होतं. शिक्षकानं माहीत असलेलं उत्तर लपवू नये असं मला शिकवलेलं होतं, आणि आझटेकांच्या वेळी मी एकदा लपवून बसलो होतो.

"त्यांच्यात सरकारी धान्य चोरणाऱ्याला फार कडक शिक्षा होती," मी म्हणालो. "देहान्ताचीसुद्धा."

सबंध वर्गानं वळून इन्स्पेक्टरकडे पाहिलं. कुणी हसलं नाही. तसं हसले असते तर बरं झालं असतं.

इन्स्पेक्टरनं चहाचा कप अर्धाच पिऊन खाली ठेवला. ऑफिसात गेल्यावर तो हेडमास्तरांना म्हणाला, "तुमच्या मास्तरांचा अभ्यास दांडगा आहे. मी सोमवारी येतो. पोती आहेत तशी दिसली तर मला लिहिणं भाग आहे." तो गेल्यावर हेडमास्तर नुसता चष्मा पुसत बसले. त्यापेक्षा ते ओरडले असते तर मला आवडलं असतं.

रविवारी सकाळी बोर्डिंगपुढे खाकी कोट घातलेला एक उंच माणूस उभा होता. दत्तूचे वडील. दत्तूची ट्रंक आणि वळकटी त्यांच्या पायाशी होती. दत्तू भिंतीला टेकून जमिनीकडे बघत उभा होता.

"रामराम मास्तर. पोरगं न्ह्याला आलोय."

"हवालदार, परीक्षा अगदी जवळ आलीय हो."

"आवं, परीक्षेला बसाय पोरगं जगाय तर पायजे. बगा की त्येची हाडं. मी म्हनलं हितं श्येर-दोन श्येर शानपन यील, तर हितं उपासच चाललाय."

"आठवडाभर थांबा."

"न्हाई जमायचं. वैशाखात लगीन हाय त्येचं. आसला काटकुळा नवरा बगून पाव्हणं मांडवातनं माघारी जातील."

मी त्या ट्रंकेकडे पाहिलं. तीन संस्कृती शिकवून मी काय साधलं होतं, तर वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा पाटाचं पाणी धरायला परत पाठवत होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "कुठली मुलगी?"

"कवठ्याची. घराणं चांगलं हाय. देवक-बिवक समदं बगून केलंय."

तेव्हा मला दत्तूनं सांगितलेला दुसरा भाग आठवला.

"त्यांचं देवक काय?" मी विचारलं.

"येळू. आन आमचं कळंब. पक्कं जुळतंय."

"जुळत नाही, हवालदार."

"का वो?"

"तुमच्या मुलाला विचारा. मका हे सगळ्या माणसांचं देवक आहे असं बोर्डिंगनं ठरवलंय. तुमचंही मका, कवठेकरांचंही मका. मग मुलगा आणि मुलगी भाऊबहीण झाले. हे लग्न तुम्ही करणार कसं?"

हवालदारांनी सावकाश मान वळवली. "काय रं दत्तू?"

दत्तूनं कपाळाला आठ्या घातल्या. गणिताची शेवटची पायरी चुकली की तो असाच उभा राहायचा. गडबड ऐकून बाकीची मुलं दारात जमली होती. त्या काळी मॅट्रिकच्या वर्गातल्या बहुतेक मुलांची सोयरीक ठरलेली असे, त्यामुळे हिशोब प्रत्येकाला आपापला करता आला.

"कुणाचंच न्हाई व्हणार मग," कुणीतरी हळू आवाजात म्हणालं.

"आरं, व्हणाऱ्यांचं जाऊ द्या. झालेल्यांचं काय? शंकऱ्या, तुजं कसं रं?"

शंकरचं लग्न झालेलं होतं. दिवाळीपासून बायको नांदायलाही आली होती. तो कानापर्यंत लाल झाला. मग आत गेला, सोनाक्काच्या बुट्टीतली एक अख्खी भाकरी उचलली आणि दारात उभा राहून सगळ्यांना दिसेल अशी खायला लागला. भाकरी कालची होती, वातड झालेली. पण शंकरचं काम तातडीचं होतं.

सगळे दत्तूकडे बघायला लागले. निकाल त्यानं द्यायचा होता.

"सर," तो शेवटी म्हणाला, "मका त्या लोकांचं देवक. त्येंचं त्येंनी बगावं. आमचं कळंबच."

"आमचं पंचपल्लव," मागून एक आवाज आला. "आमचं बी कळंब." ज्यानं त्यानं आपापलं देवक परत घेतलं.

"झालं?" हवालदारांनी विचारलं. ते ट्रंकेवर बसले आणि सोनाक्काकडे वळले. "आन बाई, मक्याची भाकरी हाय तर मला बी वाढा. पंजाबी पलटणीच्या शेजारी व्हतो तवा लय खाल्लीया. संगं ठेचा पायजे मातर. नुस्ती कुणाला जायाची?"

"आता गं बया," सोनाक्का म्हणाली, "ठेचा पायजे व्हता तर आदी न्हाई का सांगायचं? ह्ये मास्तर रोज उठून परदेस सांगत बसल्यात."

तिनं मिरच्या भाजल्या, लसूण घातला, दगडावर ठेचा रगडला. पिठात कढत पाणी घातलं म्हणून भाकऱ्या चिरल्या नाहीत. मुलं जेवली. किती जेवली ते मी मोजलं नाही, पण म्हशीला काही उरलं नाही. हवालदार हात धुऊन उठले, मला रामराम केला आणि एकटेच निघाले. ट्रंक दत्तूनं आत नेली. मी बोर्डिंगच्या मागे जाऊन डोळे पुसले. मिरच्यांचा ठसका होता असं सांगता आलं असतं, पण कुणी विचारलं नाही.

सोमवारी इन्स्पेक्टर आला. आधीच अर्धं दळून झालेलं हळदकुंकवाचं पोतं रिकामं होऊन त्याचं पायपुसणं झालं होतं. त्यानं वर काय लिहिलं ते पुढे हेडमास्तरांनी मला वाचून दाखवलं. सरकारी प्रचाराचा या शाळेत उत्तम परिणाम झाला असून पौष्टिकतेचं महत्त्व विद्यार्थ्यांना पटलं आहे, असा मजकूर होता. महिनाभरानं साहेबांकडून विचारणा आली, की या शिक्षकानं तालुक्यातल्या इतर शाळांत जाऊन तेच तीन धडे घ्यावेत.

"जाणार का?" हेडमास्तरांनी विचारलं.

"सर, चौथा धडा हवालदारांनी घेतला. त्यांना प्रवासभत्ता मिळत असेल तर जातो."

त्यांनी चष्मा पुसायला काढला. विषय तिथे मिटला.

मॅट्रिकच्या आधी शाळेची एक सराव परीक्षा असते, तिला आम्ही प्रिलिम म्हणतो. हिस्ट्रीच्या पेपरात मी एक जास्तीचा प्रश्न घातला: माया लोकांची शहरं ओसाड का पडली? सिलॅबसमध्ये नसलेला प्रश्न घालू नये असा नियम आहे, पण एवढा खटाटोप केल्यावर मला राहवलं नाही. बोर्डिंगच्या जवळजवळ सगळ्या मुलांनी एकच उत्तर लिहिलं. माया लोकांचं सगळ्यांचं देवक एकच होतं, त्यामुळे त्यांच्यात लग्नं होईनात, त्यामुळे पुढे माणसं उरली नाहीत. नेमगोंडानंही हेच लिहिलं होतं, खाली एक ओळ वाढवून: जैनांत ही अडचण येत नाही.

मी जाडजूड पुस्तक पुन्हा काढून पाहिलं. त्यात तीनचार कारणं होती आणि प्रत्येकाच्या आधी 'कदाचित' होतं. माया लोक संपलेले नाहीत, त्यांचे वंशज अजून तिथेच मका पिकवतात, हेही एका तळटीपेत होतं. ती मी आधी वाचली नव्हती. मुलांना अर्धे मार्क दिले.

दत्तूचा पेपर सगळ्यात शेवटी होता. त्यानं लिहिलं होतं: "देवक खाल्ल्यामुळे माया लोकांची शहरं ओसाड पडली असं आम्ही आधी धरलं होतं. परंतु महिनाभर मका खाऊन आमचं बोर्डिंग ओसाड पडलं नाही. तेव्हा ते कारण चूक आहे. खरं कारण सरांना माहीत नाही."

त्याला मी पूर्ण मार्क दिले. पुढे मॅट्रिकला तो पास झाला. वैशाखातल्या लग्नाला मी कवठ्याला गेलो होतो. मांडवाच्या मेढीला कळंबाची डहाळी बांधलेली होती आणि पंगतीत शाळूची भाकरी होती. हवालदारांनी मला आग्रह करकरून वाढलं. ज्ञाताकडून अज्ञाताकडे हे सूत्र मी त्यानंतरही नोकरी संपेपर्यंत पाळलं. फक्त नव्या गावी बदली झाली की धडा सुरू करण्याआधी, तिथल्या मुलांना काय काय ज्ञात आहे ते विचारून घेत असे.